चढावर बंद पडते

"याच मॉडेलची गाडी तुमच्या गावात अजून कोणाकडे आहे का?" शीतल मॅडमनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

ते खोटं होतं. माझ्या घरापासून चाळीस पावलांवर, भैरूच्या पडवीत, तीच मोटारसायकल उभी होती. तोच काळा रंग, टाकीवर तोच लाल पट्टा. एकाच दसऱ्याला, एकाच शोरूममधून आम्ही दोघांनी घेतलेली. फरक इतकाच की त्याची चालत होती.

शीतल मॅडम लवळ्याच्या एका कॉलेजात कायदा शिकवतात. मी तिथं माळी आहे. दर शनिवारी त्या गावच्या लोकांना फुकट सल्ला देतात. त्यांच्या खोलीबाहेरच्या कुंड्यांना मी सात वर्षं पाणी घालत होतो, पण आत जाऊन खुर्चीवर बसलो तो बायको गेल्यानंतर.

त्यांच्या हातात कंपनीचं उत्तर होतं. जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही तक्रार केली होती, त्याचं. मॅडमनी ते मला मराठीत समजावून सांगितलं. गाडीत मुळात काही दोष नाही. मुळशीकडचा पाऊस, चढाचे रस्ते आणि मालकाची हयगय, यामुळे गाडी बिघडली. हयगयीला वॉरंटी लागू होत नाही.

"मालक म्हंजी कोण?" मी विचारलं.

"ज्याच्या नावावर बिल आहे तो."

बिल सुलक्षणाच्या नावावर होतं. माझ्या बायकोच्या. गाडी घेऊ म्हणून दोन वर्षं ती माझ्या मागं लागली होती, म्हणून तिच्याच नावावर घेतली. आता ती नाही, तर तिचा वारस म्हणून तक्रार मी केली होती. कायद्यात तशी सोय आहे, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

"म्हंजी हयगय तिनं केली, असं म्हनत्यात ते?"

"कागदावर तोच अर्थ होतो, एकनाथभाऊ."

दहा महिने सुलक्षणा ती गाडी जुन्या साडीच्या मऊ फडक्यानं पुसायची. मी चिखलातून आलो की आधी गाडीचे पाय धुवायची, मग मला पाणी द्यायची.

मॅडमनी टेबलावरची प्लास्टिकची पिशवी पुढं ओढली. ती सुलक्षणाचीच. आत सहा जॉब कार्डं होती. गाडी सर्व्हिसिंगला टाकली की शोरूमवाले जो कागद देतात तो. शोरूमचा माणूस दर वेळी लिहायचा, 'जनरल चेकअप, ओके.' मी सही करून मोकळा झालो असतो. सुलक्षणा काउंटरवरून हलायची नाही.

"ओके काय लिवता? चढावर बंद पडती आसं लिवा."

"ताई, आम्ही चालवून बघितली. चालतेय."

"सपाटीला चालवली आसंल. चढाला न्या. आन् लिवा आधी."

मागं रांग खोळंबायची. मला लाज वाटायची. पण सहाही कागदांवर त्या माणसाच्या हातानं लिहिलेलं होतं, 'चढावर बंद पडते.' आणि खाली तिची सही. सातवी शिकलेल्या बाईची, एकेक अक्षर सुटं सुटं.

"ही कार्डं म्हणजे तुमची केस आहे," मॅडम म्हणाल्या. "दोष पहिल्या महिन्यापासून होता आणि तो दूर झाला नाही, हे यावरून दिसतं. आयोग एखाद्या तज्ज्ञाकडून गाडी तपासूनही घेईल. पण पाऊस आणि रस्ता हा मुद्दा खोडायचा, तर त्याच रस्त्यावर, त्याच पावसात चालणारी तशीच दुसरी गाडी दाखवता आली पाहिजे. तिच्या मालकानं शपथपत्र दिलं तर बरंच काम होईल. परत विचार करा, कोणी आहे का?"

"बघतो," मी म्हणालो.

बघायचं काय होतं? रोज संध्याकाळी साडेसहाला मी तेच बघत होतो. भैरू कामावरून यायचा, चंद्राबाई पदर खोचून मागं बसायची आणि दोघं दूध घालायला डेअरीवर जायची. एका हातात किटली, दुसरा हात त्याच्या खांद्यावर. माझ्या दारासमोरूनच रस्ता. गाडीचा आवाज आला की मी आत जाऊन काहीतरी शोधत बसायचो.

भैरू माझा चुलतभाऊ. दोघांचं वय सारखं, तो दोन महिन्यांनी लहान. लहानपणापासून त्याचं सगळं बरं व्हायचं. एकाच झाडाची दोन कलमं लावली, त्याचं लागलं. त्यानं घेतलेली म्हैस तेरा वर्षं दूध देत राहिली. तो काही विशेष करायचा नाही, हे मला जास्त सलायचं.

गाडी निवडायला आम्ही चौघं गेलो होतो. गोदामात त्या रंगाच्या दोनच गाड्या होत्या. भैरूनं पुढं होऊन एकीच्या सीटवर हात ठेवला. "ही मला," तो म्हणाला.

मला वाटलं, यानं हात ठेवला म्हणजे तीच चांगली असणार.

"ती मला दे," मी म्हणालो.

"का रं?"

"आसंच. मला तीच आवडली."

सुलक्षणा माझ्या कानाशी म्हणाली, "अवो, दोन्ही सारख्याच हायेत की."

भैरू हसला. "घे बाबा. लहानपनी पन माज्याच ताटातली भाकरी लागायची तुला." आणि तो दुसऱ्या गाडीकडं गेला.

अशी ती गाडी माझी झाली. हे मी मॅडमना सांगितलं नाही. सुलक्षणानंही नंतर कधी मला तोंडावर बोलून दाखवलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

आषाढात तिच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, ताम्हिणीला. दुपारी जेवून निघालो. सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं. पित्त झालं असेल, असं तीच म्हणाली. धरणाच्या कडेच्या चढावर तिला ओकारी झाली आणि तिथंच गाडीही बंद पडली. मी किका मारत होतो. ती रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसली होती. पाऊस बारीक होता. मोबाईलला रेंज नव्हती.

मागून भैरू आला. तोही बारशाला होता. त्याची गाडी तो चढ गुणगुणत चढून आली.

"वहिनीचं काय खरं दिसंना," तो म्हणाला. "बस मागं. तिघं जाऊ पौडच्या दवाखान्यात."

मी गाडीकडं पाहिलं. कोरी गाडी, आडरानात.

"गाडी टाकून कशी येऊ? कोन उचलून न्हील. तू हो फुडं. मी ढकलत आनतो."

"गाडीला काय करायचंय? चल की!"

"पित्तच हाय रं. हो फुडं."

तिला चक्कर येत होती, पडेल म्हणून मी माझा टॉवेल तिच्या कमरेभोवती घेऊन भैरूच्या पोटावर आणला आणि गाठ मारली. मीच मारली, दोनदा ओढून बघितली. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "सावकास या." मग गाडी वळणावर गेली.

मी ढकलत पौडला पोचलो तोवर तिला अँब्युलन्समधून पुण्याला हलवलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती पुन्हा बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणली असती तरी सांगता आलं नसतं. ते चांगले होते, म्हणून म्हणाले असतील.

मॅडमनी एकदा विचारलंही होतं, त्या दिवसाची भरपाई मागायची का म्हणून. मी नको म्हणालो. गाडीनं उशीर केला की मी केला, हे आयोगानं ठरवायची गोष्ट नव्हती.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. त्या चढापासून पौडपर्यंत ती भैरूला बांधलेली होती. तिच्या आयुष्यातलं शेवटचं बोलणं जे काही असेल ते त्याच्या कानाशी झालं. बावीस वर्षांचा संसार माझा आणि ती वीस मिनिटं त्याची. दिवसकार्याला तो माझ्याजवळ येऊन बसला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर मी उठून गेलो. तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. तिचे शब्द मला हवे होते, पण त्याच्याकडून मागून घ्यायचे नव्हते.

शनिवारनंतर मी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी कॉलेजात हजेरीच्या रजिस्टरात सही करताना माझं लक्ष माझ्या सहीकडं गेलं. घाईची, कशीतरी केलेली. तिच्या सहा सह्या आठवल्या. त्या बाईनं हयगय केली, असं कागदावर तसंच राहणार होतं. संध्याकाळी साडेसहाला आवाज आला तेव्हा मी आत गेलो नाही. रस्त्यात उभा राहिलो.

भैरूनं ब्रेक मारला. चंद्राबाईच्या किटलीतलं दूध हिंदकळलं.

"काय वो भावजी, आडवं पडायचा इचार हाय का?" ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिनं किटली सावरून धरली.

"भैरू, कोर्टाचं एक काम हाय," मी म्हणालो.

"बोल."

"तुजी गाडी चांगली चालती, आसं शपथेवर लिवून द्यायचं."

तो माझ्याकडं बघत राहिला. कोणीही हसला असता. दोन वर्षं ज्या गाडीचा आवाज मी ऐकून घेत नव्हतो, ती चांगली चालते असं लिहून मागत होतो.

"कवा जायचं?" तो म्हणाला.

शपथपत्र मॅडमनी भैरूच्या तोंडी तयार केलं. दोन्ही गाड्या एकाच दिवशी घेतल्या, एकाच प्रकारच्या, एकाच रस्त्यावर चालतात. माझ्या गाडीला असा त्रास कधी झाला नाही. शिवाय त्या दिवशी धरणाच्या चढावर एकनाथची गाडी बंद पडलेली मी स्वतः पाहिली. पौडला वकिलासमोर भैरूनं ते दोनदा वाचलं.

"हितं वहिनीचं नाव न्हाई," तो म्हणाला.

"गाडीपुरतंच हाय ते," मी म्हणालो.

त्यानं सही केली. मग समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. त्यानं माझ्या चहात साखर जास्त टाकायला सांगितली, मी कशी घेतो ते त्याला माहीत होतं. मला त्याचाही राग आला.

"ती गाडी माजी हुती, नाथा," तो एकदम म्हणाला. "मी हात ठेवला हुता तिच्यावर."

"मी मागितली."

"मी द्याया नको हुती."

माझं दुःखसुद्धा त्याला स्वतःच्या नावावर हवं होतं, असं मला वाटलं. मी ग्लास खाली ठेवला.

"काय म्हनली ती?" मी विचारलं. "त्या दिवशी. तुज्या मागं बसून."

भैरूनंही आपला ग्लास फळीवर ठेवला. "तवाच सांगनार हुतो. तू उठून गेलास."

"आता सांग."

"काय लई न्हाई. सारकी मागं वळून बगायची. म्हनायची, भावजी, आरशात बगा, ह्ये येत्यात का. मी बगायचो. तू कुटं दिसनार? वळनाच्या पल्याड ऱ्हायला हुतास. मी म्हनायचो, येतोय वहिनी, दिसतोय मला. ढकलत येतोय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "चार-पाच डाव विचारलं. दर डावाला मी दिसतोय म्हनलं. फुडं विचारायची थांबली."

ती मला शोधत होती, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण ते ऐकायला मी तिथं नव्हतो, तो होता. तिला धीरही त्यानंच दिला, खोटा का होईना. तेवढंही माझ्या हातून झालं नाही. चहाचे मी देतो म्हणून आम्ही थोडं भांडलो, आणि एसटीनं परत आलो.

निकाल लागायला वर्ष गेलं. तारखा पडत होत्या. एका तंत्रनिकेतनातल्या सरांनी गाडी तपासली. पेट्रोल पुढं ढकलणारा पंप आणि त्याची वायर मुळातच सदोष आहे, चढावर ताण आला की बंद पडते, असं त्यांनी लिहिलं. शब्दसुद्धा जवळजवळ तिचेच.

निकालाचा कागद मॅडमनी मला वाचून दाखवला. कंपनी आणि शोरूम दोघांनी मिळून गाडीची किंमत व्याजासह परत द्यायची. मी म्हणालो, "हयगयीचं काय म्हनलंय?"

मॅडमनी पान उलटलं. "'मयत सुलक्षणा यांनी प्रत्येक वेळी दोष लेखी नोंदवून घेतला. त्यांच्या बाजूने कोणतीही हयगय दिसून येत नाही.'"

"परत वाचा," मी म्हणालो. त्यांनी परत वाचलं.

पैसे मिळण्याआधी गाडी शोरूमला जमा करायची होती, सगळ्या जोडसामानासह. तसं निकालातच होतं. तीन वर्षं ताडपत्रीखाली उभी राहून तिची हवा गेली होती. टेम्पो ठरवला. भैरू न बोलावता आला आणि त्याच्या गाडीवरून टेम्पोच्या मागं मागं चांदणी चौकापर्यंत आला.

शोरूमचा माणूस यादी घेऊन गाडीभोवती फिरला. आरसे दोन. चाव्या दोन. हत्यारांची पिशवी. मग तो डाव्या बाजूला, मागच्या चाकापाशी थांबला.

"साडी गार्ड कुठाय?"

"घरी हाय," मी म्हणालो.

"आणावं लागेल. यादीत आहे."

"ते न्हाई देनार."

"अहो, निकाल तुमच्याच बाजूनं लागलाय. सगळ्या सामानासकट असं लिहिलंय. एक गोष्ट कमी असली तर मला पोच देता येत नाही."

"त्यात काय बिघाड न्हवता," मी म्हणालो.

त्याला समजलं नाही. त्याला काय सांगणार? सुलक्षणा एका बाजूनं बसायची. चढाला मागं सरकू नये म्हणून टाच त्या गार्डच्या जाळीला टेकवून धरायची. दहा महिन्यांत तिथला काळा रंग घासून गेला होता आणि रुपयाएवढं लोखंड उघडं पडलं होतं. आदल्या दिवशी मी ती जाळी काढून ठेवली होती.

"मग मला साहेबांना फोन करावा लागेल," तो म्हणाला.

भैरू दारात उभा होता. तो बाहेर गेला. आपल्या गाडीच्या हत्यारांच्या पिशवीतून त्यानं पाना काढला आणि उकिडवा बसला. एक नट गंजला होता, त्यानं त्यावर फुंकर मारली, पान्याला हिसका दिला. पाच मिनिटांत त्यानं स्वतःच्या गाडीची जाळी आणून काउंटरवर ठेवली.

"हे घ्या. सेम मॉडेल हाय."

तो माणूस एकदा जाळीकडं, एकदा आमच्याकडं बघत राहिला. मग त्यानं यादीवर खूण केली.

काउंटरवरच्या जाळीवरही एका जागी रंग उडाला होता. चंद्राबाईच्या टाचेनं. तिचा जास्त उडाला होता, कारण तिला जास्त दिवस मिळाले होते. माझ्या मनात हे आलंच. ते येतं, मी काय करू?

"चंद्राबाई काय म्हनंल?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"शिव्या घालंल. म्हनावं, ड्रेस घाल आता आन् दोन्हीकडं पाय टाकून बस." तो हसला. "लई दीस झालं, हौस हायच तिला."

टेम्पो रिकामा निघून गेला होता. भैरूनं गाडी चालू केली. एका किकेत झाली.

"बस," तो म्हणाला.

मी पहिल्यांदाच त्या गाडीवर बसलो. जिथं तिला बांधलं होतं तिथं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. सीटच्या मागचा लोखंडी दांडा धरला. भूगाव गेलं, भुकूम गेलं. पिरंगुटच्या घाटाचा चढ लागला तसा मी सवयीनं कान देऊन बसलो. आता आवाज बदलेल, आता आचका देईल.

गाडी थांबली नाही. भैरू आरशात बघत होता. मी एकदा मागं वळून पाहिलं.